दात भिंतीकडे होते

वीज खात्यात त्याला सगळे हाफक्लच म्हणायचे. नाव कोणी ठेवलं कुणास ठाऊक, पण असं चिकटलं की निरोपसमारंभात मोठे साहेबसुद्धा भाषणात "आपले हाफक्लच" म्हणून गेले आणि मग जीभ चावत बसले. माणूसच तसा होता. धड पुढे नाही, धड मागे नाही, मधल्यामधे घुरघुरत उभा. चहाचा कप हातात घेतला की बाकीच्यांचे कप धुऊन पालथे पडायचे, तरी याची फुंकर चालूच. पण डोंगरापलीकडच्या तारा तुटल्या, रस्ता वाहून गेला आणि भलेभले ड्रायव्हर पोटदुखीचं कारण सांगू लागले, की साहेब म्हणत, "हाफक्लचला पाठवा." चारी चाकांना जोर असलेली खात्याची ती जुनी जीप त्याच्याशिवाय कुणाच्या बापाला ऐकत नसे. घाईच्या माणसाला तर ती हटकून चिखलात नेऊन बसवायची.

पुढे खात्याने जीप मोडीत काढली आणि यालाही वयानुसार घरी पाठवलं. दोघांची पुन्हा गाठ पडली ती याच्याच अंगणात. टेम्पोवरून उतरवलेला तो गंजका सांगाडा पाहून बायको कमरेवर हात ठेवून दारातच उभी राहिली.

"जन्मभर हिच्याबरोबर बाहेर होतात. आता घरातच आणून बसवलीत!"

"अगं, नीट करतो. मग दोघं फिरायला जाऊ."

"तुमची नीट होईपर्यंत माझ्या हातात काठी येईल."

"चढताना मी हात देईन की," तो म्हणाला. तशी ती आत जाऊन भांडी आपटू लागली.

घराच्या बगलेला पत्र्याची लांबोडकी शेड होती. तिच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला कुंपणाची भिंत. भिंतीच्या कडेने मागच्या धुण्याच्या दगडाकडे जायची चिंचोळी वाट होती, आणि त्या वाटेवरून बायको दिवसातून दहादा बादली घेऊन ये-जा करायची. त्या शेडमध्ये हाफक्लचने जीप खोलायला घेतली आणि खोलता खोलता अख्खी शेड भरून टाकली.

त्याची एक रीत होती. ऐन तरुणपणी खात्याच्या वर्कशॉपमध्ये एका म्हाताऱ्या फोरमनच्या हाताखाली तो काही महिने होता. फोरमन सांगायचा, "खोललेलं लिहून ठेवू नकोस, मांडून ठेव. कागद उडतो. जमीन उडत नाही." ते याने गाठीला बांधलं. त्यामुळे शेडच्या फरशीवर जीप जशी होती तशीच पसरलेली होती. तोंड फाटकाकडे, शेपूट धुण्याच्या दगडाकडे. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. नटबोल्ट ज्या भोकातले त्या भोकाशेजारी. एखादा भाग गाडीत ज्या बाजूला तोंड करून बसला होता, फरशीवरही त्याच बाजूला तोंड करून बसायचा. पलीकडे राहणारा शिंपी, हाफक्लचचा जुना दोस्त, भिंतीवरून डोकावून म्हणायचा, "अरे, हिच्यावरून रोलर फिरवलास की काय?"

आता खरी गोष्ट सांगायला हवी, कारण ही सगळी खटपट नुसत्या हौसेची नव्हती. हाफक्लचने मनाशी एक पैज लावली होती आणि तिच्याबद्दल कुणाला ताकास तूर लागू दिला नव्हता.

त्याचा थोरला भाऊ, ज्याला तो दादा म्हणायचा, विसरायला लागला होता. साधं चष्मा विसरणं, किल्ली विसरणं नव्हे. दादाला न घडलेलं आठवायचं, तेही ठामपणे. सकाळी अंघोळ झालेली नसली तरी "झाली, पाणी जरा कोमट होतं" असं तपशिलासकट सांगायचा. घराला कुलूप आपणच लावलं म्हणायचा आणि दार सताड उघडं असायचं. दादाला समजावून सांगताना हाफक्लचच्या अंगावर काटा यायचा, कारण दादाच्या चेहऱ्यावर शंकेची एक रेघ नसे. नाकडोळे दोघांचे सारखे, टक्कल सारखं, चालही सारखी. मग हेही सारखंच निघालं तर? हल्ली त्यालाही नावं आठवत नसत. खात्यात शेजारी बसणारा एक माणूस बाजारात समोरासमोर आला तरी त्याचं नाव जिभेवर येईना, तेव्हा "काय साहेब!" म्हणून वेळ मारून नेली होती आणि घरी येऊन जेवला नव्हता.

म्हणून पैज. ही गाडी कुणाला न विचारता, पुस्तक न उघडता आपल्या हातांनी सुटी करायची आणि पुन्हा जोडायची. धड उभी राहिली तर डोकं शाबूत. नाही राहिली, तर मग समजायचं काय ते.

सुरुवात तर झकास झाली. इंजिन उघडलं, झिजलेलं लेथवाल्याकडून करून आणलं, पुन्हा बसवलं, आणि ज्या दिवशी ते खाकरत, धूर ओकत चालू झालं त्या दिवशी हाफक्लचने चहा गरम असताना प्यायला. बायकोने ते पाहिलं आणि मनात नोंद घेतली. गिअरबॉक्स बसला, स्टीअरिंग बसलं, पुढची चाकं लागली. मागचा एक्सल तेवढा राहिला होता. तेवढ्यात वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि दादाजवळ बसायला हाफक्लचला जावं लागलं. चार-पाच दिवस तो तिकडे राहिला, रोज दादाला "नाही रे, तसं नाही झालेलं" म्हणत राहिला आणि थकून परत आला.

आल्यावर मागचा एक्सल जोडायला बसला. त्या एक्सलच्या पोटात ताटलीएवढं एक दातेरी चाक असतं, मेकॅनिक लोक त्याला क्राऊन म्हणतात. इंजिनाची फिरकी तेच मागच्या चाकांना देतं, आणि एरवी सपाट रस्त्यावर जीप त्या मागच्या चाकांवरच चालते. त्या जुन्या बनावटीत गंमत अशी, की क्राऊन दोन्ही बाजूंनी बसतो, अगदी मुकाट्याने बसतो. पण ज्या बाजूला बसायचा त्या बाजूला नाही बसला तर सगळी फिरकी उलटी होते. हाफक्लचने क्राऊन उचलायला हात घातला आणि थांबला. क्राऊनचे दात स्वयंपाकघराकडे होते.

त्याला तर स्वच्छ आठवत होतं, दात भिंतीकडे होते. खोलून ठेवताना भिंतीवर दुपारचं ऊन पडलं होतं आणि दातांची सावली करवतीसारखी दिसली होती. त्याला ती सावलीसुद्धा आठवत होती.

तो उकिडवा बसून राहिला. डोकं म्हणत होतं भिंत, जमीन म्हणत होती स्वयंपाकघर. वर्कशॉपमध्ये त्याने एक्सल उघडलेला एकदोनदाच पाहिला होता, तोही लांबून. तो ड्रायव्हर होता, मेकॅनिक नव्हे. पूर्वीचा हाफक्लच असता तर स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवून मोकळा झाला असता. पण आत्ताच तो दादाकडून आला होता, दादाचं ते कोमट पाणी ऐकून आला होता. जमीन उडत नाही, तो स्वतःशी म्हणाला, आणि जमिनीचं ऐकलं.

चाचणीच्या दिवशी शिंपी कापडाची कात्री खिशात तशीच ठेवून आला. बायको धुण्याच्या दगडापाशी कपडे पिळत होती. हाफक्लच सीटवर चढला, इंजिन लावलं, आणि रुबाबात ओरडला, "समोरून बाजूला व्हा रे!" शिंपी फाटकापासून बाजूला झाला. हाफक्लचने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, तोही त्याच्या स्वभावाप्रमाणे हळूहळू. जीप निघाली आणि दिमाखात मागे गेली. बादली चेपली, नळाची तोटी उडाली, बायको पिळलेल्या चादरीसकट पायरीवर चढली.

"अरे, मागे कशाला घेतोस?" शिंपी ओरडला.

"मी पुढे घेतोय!"

"तुझं पुढे कुठल्या दिशेला असतं?"

हाफक्लचने रिव्हर्स टाकला. जीप आज्ञाधारकपणे पुढे आली. नळाचं कारंजं अंगावर घेत शिंपी पोट धरून हसत होता. "म्हणजे पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला तीन! अरे, तुझ्या स्वभावाला असलीच गाडी हवी होती." बायकोही चादरीआडून हसली. हाफक्लच काही हसला नाही. त्याने इंजिन बंद केलं, नळाला चिंधी बांधली, जीपवर ताडपत्री टाकली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

चूक कुठे आहे ते त्याला तिथल्या तिथे कळलं होतं. क्राऊन उलटा बसला होता. दुरुस्ती म्हणजे पुन्हा खोलायचं आणि फिरवून बसवायचं, दोन दिवसांचं काम. त्याचं त्याला काहीच नव्हतं. खुपत होती ती वेगळीच गोष्ट. मांडणी त्यानेच केली होती, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही हा घरातला कायदा होता. म्हणजे दात भिंतीकडेच हवे असले तरी मांडतानाच उलटं ठेवलं गेलं, आणि वर डोक्याने एक भिंत रचली, भिंतीवर ऊन रचलं, उन्हात करवतीसारखी सावली रचली. न घडलेलं, तेही ठामपणे, तपशिलासकट. पाणी जरा कोमट होतं.

पैज तो हरला होता.

पुढचे दिवस घरात विचित्र गेले. ताडपत्रीला त्याने हात लावला नाही. उलट बायकोला शिकवण्या सुरू केल्या. गॅसचा रेग्युलेटर कसा बदलायचा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व कुठे आहे, फ्यूज उडाला तर कुठली तार घालायची. "तुला माहीत असलेलं बरं," एवढंच म्हणायचा. तिला वाटलं, नाक कापलं गेलं म्हणून माणूस फुगलाय. मग वाटलं, नाही, काहीतरी आजार लपवतोय. तिच्या जिवाला घोर लागला. आणि त्याला तिचाच राग येत होता, कारण ती रोज सकाळी चहा देताना विचारायची, "आज वार कोणता हो?" रोज! हिला साधा वार लक्षात राहत नाही आणि आपलंही डोकं हातचं चाललं, मग या घराचं होणार काय, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

शेवटी फ्यूजच्या तिसऱ्या शिकवणीला तिने स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आपटला.

"पुरे झालं. काय झालंय तुम्हाला ते सांगा, नाहीतर मी आत्ता दाराला कडी लावून बसते."

"काही नाही."

"काही नाही म्हणणारा माणूस बायकोला फ्यूज शिकवत नाही. डॉक्टरांनी काही सांगितलंय का? खरं सांगा, मी ऐकून घेईन."

हाफक्लचने स्क्रू ड्रायव्हर उचलून बाजूला ठेवला. मग एकेक वाक्य, मधे थांबत थांबत, सगळं सांगितलं. दादाचं, बाजारातल्या माणसाचं, पैजेचं. क्राऊनपाशी आल्यावर तो म्हणाला, "मला अजून दिसतंय गं. दात भिंतीकडे. ऊन पडलंय, सावली पडलीय. शपथेवर सांगेन असं दिसतंय. आणि ते खोटं आहे. दादाचं असंच सुरू झालं असेल."

बायकोचा हात तोंडावर गेला. त्याला वाटलं, रडणार आता. पण ती रडली नाही. तिचा चेहरा बरणी फोडलेल्या मुलीसारखा झाला.

"अहो," ती म्हणाली, "दात भिंतीकडेच होते."

"काय?"

"भिंतीकडेच होते. मी फिरवले."

तो दादाजवळ राहायला गेला होता त्या दिवसांत वरची टाकी भरून वाहिली होती. पाणी पत्र्यावरून थेट शेडमध्ये. गंज चढला तर हा माणूस अन्न सोडेल, म्हणून तिने भिंतीपलीकडून शिंप्याला हाक मारली. दोघांनी मिळून एकेक भाग उचलला, फडक्याने पुसला, फरशी कोरडी केली आणि एकेक भाग जिथल्या तिथे ठेवला. मांडणीला हात लावायचा नाही हा कायदा मोडला होता, म्हणून दोघांनी मूग गिळून बसायचं ठरवलं.

"एक बोल्ट इकडचा तिकडे होऊ दिला नाही हो. खडूने खुणा केल्या होत्या मी, नंतर पुसून टाकल्या. फक्त ते दातांचं चाक... त्या वाटेने बादली घेऊन जाताना रोज पदराला ग्रीस लागायचं. दोन साड्या गेल्या माझ्या. म्हटलं, उचललंच आहे तर तोंड तेवढं फिरवून ठेवू. चाक तेच, जागा तीच. काय बिघडणार आहे?"

एवढं बोलून ती थांबली आणि बोलणी खायला तयार होऊन उभी राहिली. हाफक्लच पुढे सरकला.

"पुन्हा सांग."

"अहो, चुकलं माझं—"

"ते नको. दात कुठे होते ते सांग."

"भिंतीकडे."

"आणखी एकदा."

"भिंतीकडे होते हो!"

त्याचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच खाली फतकल मारून बसला. आधी हसला, मग हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याला ते थांबवायचंही नव्हतं. कित्येक महिने छातीवर बसलेलं ओझं कुणीतरी दोन हातांनी उचलून बाजूला ठेवलं होतं. मग एकदम उठला, मागच्या दाराने भिंतीपाशी गेला आणि ओरडला, "शिंप्या! टाकी वाहिली होती का रे?"

पलीकडे शिलाई मशीन थांबलं. मग शिंप्याचा आवाज आला, "वहिनींनी सांगितलं का? मग वाहिली होती. नसेल सांगितलं तर मला काही माहीत नाही."

हाफक्लच आत आला तेव्हा बायको डोळे पुसत होती. "मलाही सांगायचंय," ती म्हणाली. "मी रोज वार विचारते ना, तो मला माहीत असतो."

"मग विचारतेस कशाला?"

"तुम्हाला माहीत आहे की नाही ते बघायला. भावोजींचं पाहिल्यापासून मला कुठे झोप लागतेय?"

एकाच घरात, एकाच भीतीला दोघांनी वेगवेगळ्या खोलीत कोंडून ठेवलं होतं, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण दुसऱ्याला वाचवतोय. हाफक्लच म्हणाला, "मला वाटलं, तूच विसरायला लागलीस." यावर तिने हातातलं फडकं त्याला फेकून मारलं, आणि ते बरोबर लागलं.

एक्सल पुन्हा खोलला तेव्हा हाफक्लचने भाग सुटे केले आणि मांडले बायकोने. तो म्हणाला, "आता दोघांच्या डोक्यात राहू दे." ग्रीसने बरबटलेले हात पुसत तिने विचारलं, "उद्या तुम्ही खरोखरच विसरायला लागलात तर?"

"तर तू मला सांगायचं. पहिल्या दिवशी. लपवायचं नाही."

"आणि मी विसरले तर?"

"मी सांगेन."

"आणि दोघंही विसरलो तर?"

हाफक्लचने नीट विचार केला. "तर मग भांडण कशावरून होतं तेही विसरू. बरंच आहे."

दुसऱ्या चाचणीला शिंप्याने फाटकातूनच विचारलं, "आज कुठल्या बाजूला उभा राहू ते आधी सांग." हाफक्लचने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. जीप किंचित थरथरली आणि पुढे निघाली. फाटकातून रस्त्यावर, रस्त्यावरून वळणापर्यंत. शेजारच्या सीटवर बायको दांडी धरून बसली होती. तिने विचारलं, "कुठे?"

"दादाकडे," तो म्हणाला. आजवर तिकडे जाताना त्याचे पाय जड व्हायचे. दादाच्या तोंडाकडे पाहताना तो स्वतःचंच पुढचं पान वाचत असायचा, म्हणून तर प्रत्येक वाक्य खोडून काढत बसायचा. आज त्याला नुसतं भावाला भेटायचं होतं.

दादा ओट्यावर बसला होता. जीपभोवती त्याने एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला.

"याच गाडीतून आई आली होती परवा," तो म्हणाला.

आई जाऊन वीस वर्षं झाली होती. वहिनीने घाबरून हाफक्लचकडे पाहिलं, आता हा समजवायला लागणार म्हणून. हाफक्लच बॉनेटला टेकून दादाशेजारी उभा राहिला.

"हो का?" त्याने विचारलं. "कुठे बसली होती?"

"मागे," दादा म्हणाला. "पुढे वारा लागतो ना तिला."

"बरं झालं," हाफक्लच म्हणाला. "मग आज पुढे तू बस. मी हळू चालवतो."